लीला बेणारेविरुद्ध आणखी एक साक्ष

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे: अमक्या व्यक्तिरेखेचे स्वभावचित्र रेखाटा. उत्तराची रीतही ठरलेली. नायक करारी, स्वाभिमानी, कुटुंबवत्सल. प्रत्येक विशेषणाखाली नाटकातला किंवा कादंबरीतला एक प्रसंग. शेवटी दोन ओळींचा समारोप. अलीकडे या रीतीत एक बदल दिसतो. विशेषणांच्या जागी मानसशास्त्रातले शब्द येऊ लागले आहेत. करारी बाप आता आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्वाचा होतो, गप्प राहणारी सून नैराश्यग्रस्त ठरते, घर सोडून गेलेल्या मुलाच्या मागे बालपणीचा आघात उभा राहतो. विद्यार्थ्यांनी मानसशास्त्र वाचावं आणि ते साहित्याच्या वर्गात घेऊन यावं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शब्द नवे आणि रीत जुनीच राहिली, तर निबंध पुढे सरकत नाही. ‘संतापी’ खोडून तिथे एखाद्या विकाराचं नाव लिहिलं, की पात्र जास्त कळलं असं वाटतं एवढंच.

हे प्रकरण मी मुख्यतः एका नाटकाच्या आधाराने लिहिणार आहे. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. ‘रंगायन’ने ते १९६७ साली रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. हे नाटक निवडण्याचं कारण सरळ आहे. मंडळी जमतात आणि एका बाईचं स्वभावचित्र रेखाटतात, हेच या नाटकाचं कथानक आहे. पात्राच्या मनाबद्दल लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला याहून जवळची गोष्ट सापडणार नाही. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

पात्रांना मन असतं, असं आपण मुळात का धरून चालतो? १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोघांनी एक अगदी साधी चित्रफीत तयार केली. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप करणारी बाजू असलेला एक चौकोन. हे आकार काही वेळ इकडून तिकडे फिरतात, एकमेकांना धडकतात, चौकोनात शिरतात, बाहेर पडतात. एवढंच. पाहणाऱ्यांना विचारलं, की काय दिसलं ते लिहा. जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला वाचवू पाहतोय. भूमितीची भाषा जवळपास कोणी वापरलीच नाही.

या प्रयोगातून साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही, की हालचालीमागे हेतू पाहणं ही आपली सवय इतकी खोल आहे, की तीन आकारांनाही आपण स्वभाव देऊन मोकळे होतो. तेव्हा पात्राबद्दल माणसासारखं बोलण्यात लाजण्यासारखं काही नाही. लेखक आपल्या याच सवयीच्या भरवशावर लिहीत असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या त्रिकोणाला दांडगट कोणी केलं? ज्यांनी चित्रफीत बनवली त्यांनी त्याचा वेग, त्याची दिशा आणि धडकेची वेळ ठरवली. पाहणाऱ्याला जे मन दिसलं, ते या रचनेतून दिसलं. निबंधात पात्राच्या मनाबद्दल एक वाक्य लिहिलं, की ते कोणत्या रचनेतून दिसलं याबद्दल दुसरं वाक्य लिहायला हवं. बहुतेक निबंध या दुसऱ्या वाक्यावाचून अडतात.

पात्राला माणूस मानायचं की रचना, हा वाद शंभरेक वर्षांपूर्वी मोठ्या माणसांनी घातला आहे. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या ग्रंथावर १९०० हे साल छापलेलं आहे. त्यात हॅम्लेटविषयी एक छोटा उल्लेख येतो. बापाच्या खुन्याला मारायला हॅम्लेट इतका वेळ का लावतो? फ्रॉइडचं उत्तर असं, की त्या खुन्याने जे केलं तीच इच्छा हॅम्लेटच्या स्वतःच्या बालपणात दडपलेली आहे. मग शिक्षा करायला हात कसा उठावा? त्याचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने १९१० साली या उल्लेखाचा दीर्घ लेख केला आणि १९४९ साली पुस्तक. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या चित्रपटात हॅम्लेट आणि त्याची आई यांच्यातले प्रसंग ज्या पद्धतीने घेतले आहेत, त्यांवर जोन्सची छाप आहे.

दुसरीकडे ए. सी. ब्रॅडली यांची शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरची व्याख्यानं १९०४ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत पात्रांचा विचार खऱ्या माणसांसारखा केलेला होता; नाटक सुरू होण्याआधी कोण कुठे होतं, इथपर्यंत. त्यावर एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली एक पुस्तिका लिहिली आणि तिला नाव दिलं, ‘लेडी मॅक्बेथला मुलं किती?’ या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत शोधू नये. असला प्रश्न विचारणंच चूक, असा त्यांचा रोख होता. नाटक ही शब्दांची बांधणी आहे. तिच्या बाहेर लेडी मॅक्बेथला ना माहेर आहे ना बाळंतपण.

मला या वादात सर्वांत शिकवून जातो तो फ्रॉइडचाच १९१६ चा एक निबंध. यश हाती आल्यावरच कोसळणाऱ्या माणसांबद्दल तो लिहीत होता आणि उदाहरण म्हणून त्याने लेडी मॅक्बेथ घेतली. नवऱ्याला खुनाला उद्युक्त करताना जिला जराही कापरं भरत नाही, ती राणी झाल्यावर झोपेत चालते, हात धूत राहते आणि मरते. असं का व्हावं? फ्रॉइडला वाटलं, याचं मूळ अपत्यहीनतेत असावं. राज्य मिळालं, पण पुढे द्यायला वारस नाही. गुन्हाच व्यर्थ गेला. पण मग तोच अडतो. वारस होत नाही हे कळायला वर्षं लागतात. शेक्सपिअरने ज्या बखरीवरून नाटक घेतलं, त्या होलिनशेडच्या बखरीत खुनानंतर दहा वर्षं जातात. नाटकात मात्र सगळं आठवडाभरात उरकल्यासारखं घडतं. एवढ्या वेळात निराशा मनात मुरणार कधी? फ्रॉइड कबूल करतो, की या बाईचं कोडं असं सुटत नाही.

आणि तिथे तो एक वेगळी वाट धरतो. लुडविग येकेल्स या सहकाऱ्याचा विचार घेऊन तो म्हणतो, की शेक्सपिअर कधीकधी एकच मन दोन पात्रांत विभागतो. झोप मेली असं मॅक्बेथला ऐकू येतं, पण झोप उडते राणीची. खंजिराचा भास होतो त्याला, वेड लागतं तिला. खुनाच्या रात्री रक्ताने माखलेल्या हातांचं भय त्याला वाटतं. हात धूत बसते ती. एकट्या राणीचं निदान करायला गेलं तर धागा तुटतो; दोघांना मिळून वाचलं तर जुळतो. मनोविश्लेषणाच्या जनकाला एका पात्राचं निदान जमलं नाही आणि म्हणून तो नाटकाच्या रचनेकडे वळला, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. सिद्धान्त जिथे अडतो ती जागा लपवायची नसते. बहुधा तिथूनच निबंधाला सुरुवात होते.

वेळेचा मुद्दा आजच्या निदानशास्त्रालाही लागू पडतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेप्रमाणे तीव्र नैराश्य म्हणायला नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणं किमान दोन आठवडे दिसावी लागतात, शिवाय दुसरी कारणं वगळावी लागतात. ‘शांतता!’ एका संध्याकाळचं नाटक आहे. त्या संध्याकाळीवरून दोन आठवड्यांचा निष्कर्ष कसा काढणार? जिवंत माणसांच्या बाबतीतही तज्ज्ञ इथे सावध असतात. १९६४ साली ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल मानसोपचारतज्ज्ञांची मतं मागवली; हजाराहून जास्त जणांनी त्याला न तपासताच अपात्र ठरवलं. गोल्डवॉटर कोर्टात गेला आणि जिंकला. त्यानंतर १९७३ साली त्या तज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, की स्वतः तपासल्याशिवाय कोणाचं जाहीर निदान करायचं नाही. पात्राला तर तपासणीच्या खोलीत बोलावण्याची सोयच नाही. त्याने नाटकात जे म्हटलं, त्याहून एक शब्दही ते जास्त बोलणार नाही.

आता तेंडुलकरांकडे.

मुंबईची एक हौशी नाटकमंडळी खेड्यात प्रयोगासाठी आली आहे. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला चालवायचा आहे. एक नट आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला उभं करायचं ठरतं. त्याला कोर्ट कसं असतं ते ठाऊक नाही. ते कळावं म्हणून वेळ घालवायला एक खोटा खटला खेळायचा, आणि आरोपी करायचं शिक्षिका असलेल्या लीला बेणारेला. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होतो. बेणारे कुमारी आहे, तिला दिवस गेले आहेत, आणि ज्याच्यापासून गेले ते प्राध्यापक दामले आज आलेलेच नाहीत. एकेक सहकारी साक्षीला उभा राहतो. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर शिक्षा सुनावतात, की तिने जगावं, पण तिच्या पोटातला गर्भ नष्ट केला जावा.

या नाटकावर विद्यार्थी ज्या तऱ्हेचा परिच्छेद लिहितात, त्याचा एक नमुना मी इथे रचून देतो. ‘लीला बेणारे हिच्यावर किशोरवयात मामाकडून झालेल्या फसवणुकीमुळे मानसिक आघात झाला आहे. त्यामुळे ती बुद्धीने मोठ्या पुरुषांकडे ओढली जाते. तिचे सततचे हसणे, गाणे व इतरांची टिंगल करणे ही तिची बचाव यंत्रणा आहे. तिला नैराश्याचा विकार असून तिच्यात आत्मघाताची प्रवृत्ती दिसते.’

यात सगळंच चूक आहे असं नाही. तिसरं वाक्य तर चांगलं आहे. ते नाटकातल्या हसण्या-गाण्याकडे बोट दाखवतं आणि तिथून पुढे जाता येईल. पण हा परिच्छेद सलग वाचून पाहा. त्यातून बेणारेखेरीज सगळी माणसं नाहीशी झाली आहेत. जे काही घडलं त्याचं कारण तिच्या आत, तिच्या जुन्या आयुष्यात, तिच्या सवयींत आहे असं तो सांगतो. आणि वकील झालेला सुखात्मे नाटकात नेमकं हेच करतो. तो तिचं वय विचारतो, तिचं पूर्वायुष्य उकरतो, तिचं वागणं-बोलणं पुरावा म्हणून मांडतो आणि या सगळ्यातून ती मुळातच कशी आहे ते सिद्ध करू पाहतो. मामाची हकिकत प्रेक्षकाला पहिल्यांदा कळते तीही कोर्टातल्या एका साक्षीतूनच, तिच्याविरुद्ध वापरण्यासाठी. तीच हकिकत विद्यार्थी सहानुभूतीने उचलतो, पण बसवतो त्याच जागी. सुखात्मेचा शब्द ‘चारित्र्य’ होता, याचा ‘आघात’ आहे. साक्षीदारांच्या यादीत आणखी एक नाव वाढलं.

सामाजिक मानसशास्त्रात या चुकीवर भरपूर काम झालं आहे. नाटक रंगमंचावर आलं त्याच साली, १९६७ मध्ये, एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचणाऱ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोबद्दल एका विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध दिला. काहींना त्याच्या बाजूचा, काहींना विरोधातला. लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते सांगा, असं विचारलं. काही वाचकांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती. जी नेमून दिली तीच त्याने मांडली. तरीही वाचकांनी निबंधातलं मत थोडंफार त्याच्याच पदरी बांधलं. परिस्थिती डोळ्यांसमोर असूनही आपण वागण्याचं कारण माणसाच्या आत शोधतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या कलाला कारण लावण्यातली मूलभूत चूक असं नाव दिलं.

‘बेणारेचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न विद्यार्थ्याला या चुकीकडे ढकलत जातो. म्हणून माझा आग्रह असा, की मानसशास्त्र वापरायचंच, पण पहिला प्रकाशझोत आरोपीच्या पिंजऱ्यावर टाकायचा नाही. तो कोर्टावर टाकायचा. मग हातातलं शास्त्र भराभर कामाला येऊ लागतं.

पहिल्या अंकाची सुरुवात बारकाईने पाहा. सभागृहात आधी पोचतात ती बेणारे आणि सामंत. दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. इतर मंडळी यायच्या आत ती सामंतला त्यांची ओळख करून देते, आणि ती देताना प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवते. वकिली न चालणारा वकील, इंटरला नापास झालेला शास्त्रज्ञ, मूल नसलेलं काशीकर जोडपं आणि त्यांनी पोसलेला, मोठा न झालेला बाळू रोकडे. ही यादी तेंडुलकरांनी उगाच पहिल्या काही मिनिटांत दिलेली नाही. पुढच्या दोन अंकांत हीच माणसं, याच दुखऱ्या जागा घेऊन, तिच्यावर तुटून पडतात.

ॲना फ्रॉइडने १९३६ साली मनाच्या बचाव यंत्रणांवर पुस्तक लिहिलं. तिथले दोन शब्द इथे उपयोगी पडतात आणि निबंधांत नेहमी एकमेकांत मिसळतात. विस्थापन म्हणजे एकावरचा राग दुसऱ्या, सोप्या माणसावर काढणं. प्रक्षेपण म्हणजे स्वतःत जे सहन होत नाही ते दुसऱ्यात आहे असं पाहणं. सुखात्मे खऱ्या कोर्टात हरतो आणि या खोट्या कोर्टात जिंकायला निघतो. हे विस्थापनाच्या जवळचं. सौ. काशीकर मिळवत्या, बिनलग्नाच्या मुलींना सगळं लग्नावाचूनच मिळतं असं बोलून दाखवतात, तेव्हा त्यात तिरस्कार किती आणि स्वतःला न मिळालेल्याची खंत किती, असा प्रश्न विचारता येतो. तो प्रश्न म्हणूनच विचारावा. या बाईच्या मनात मत्सर आहे, असं विधान करण्याइतका पुरावा नाटक देत नाही. तिच्या नवऱ्याने ऊठसूट तिला गप्प केलेलं मात्र प्रेक्षक पुन्हापुन्हा पाहतो, आणि हा पुरावा चोख आहे. जिला घरात बोलता येत नाही, तिला साक्षीदार म्हणून बोलायला मिळतं. निबंधात एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

इथे वर्गात हमखास कोणीतरी स्टॅनली मिलग्रॅमचं नाव घेतं, आणि घ्यावंही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात चाळीस पुरुषांना सांगितलं होतं, की शेजारच्या खोलीतल्या माणसाने चूक केली की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवायचा. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले, कारण समोर उभा असलेला अधिकारी ‘पुढे चालू ठेवा’ म्हणत होता. काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत, बाकीचे त्यांच्या आज्ञेत, वरवर जुळतं. पण मिलग्रॅमच्या खोलीतली माणसं घामाघूम होत होती, थरथरत होती, काहींना विचित्र हसू फुटत होतं. तेंडुलकरांच्या कोर्टातल्या मंडळींपैकी असा त्रास कोणालाच होत नाही. ही माणसं मजेत आहेत. काशीकर कान कोरत न्यायदान करतात, आणि मध्येच खुर्ची सोडून स्वतःच साक्ष द्यायलाही येतात. आज्ञा पाळावी लागली म्हणून छळणारा माणूस वेगळा आणि संधी मिळाली म्हणून छळणारा वेगळा. मिलग्रॅमने पहिल्याबद्दल सांगितलं. नाटक दुसऱ्याबद्दल आहे. हा फरक ज्या विद्यार्थ्याने ओळखून लिहिला, त्याचा निबंध मी शंभरांत उचलून बाजूला काढीन. प्रयोगाचं नाव घेणं सोपं असतं. तो प्रयोग आपल्या नाटकाला किती अंगुळे कमी पडतो, हे मोजायला नाटक दुसऱ्यांदा वाचावं लागतं.

आणि नाटक दुसऱ्यांदा वाचलं, की शेवटच्या स्वगताशी थांबावं लागतं. शिक्षा सुनावण्याआधी बेणारेला बोलायला थोडा अवधी दिला जातो. ती बोलते. मामाबद्दल, त्या वयातल्या प्रेमाबद्दल, पुढे ज्याच्या बुद्धीची पूजा केली त्या माणसाबद्दल, आता हव्याहव्याशा वाटणाऱ्या मुलाबद्दल. ती बोलत असताना बाकीची सारी पात्रं जागच्या जागी थिजलेली आहेत. म्हणजे हे बोलणं त्यांच्या कानी पडलेलंच नाही. ते ऐकतो फक्त प्रेक्षक. ती हे खरंच बोलली की तिच्या मनातच राहिलं, याचाही निर्णय नाटक करत नाही.

निबंध लिहिणारे या स्वगतातून भराभर माहिती उचलतात आणि रुग्णाने दिलेल्या हकिकतीसारखी वापरतात. पण मानसशास्त्राच्या दृष्टीने इथली सर्वांत मोठी गोष्ट स्वगताच्या मजकुराइतकीच त्याच्या मांडणीत आहे. कोर्टाने मागितला तो कबुलीजबाब तेंडुलकर कोर्टाला देत नाहीत. ज्यांना तिच्या मनात काय आहे ते ऐकायचंच नव्हतं, त्यांच्यापासून ते मन दूर ठेवतात आणि आपल्या हाती सोपवतात. आपण त्याचं काय करणार? त्यातून पुन्हा आघाताचं प्रमाणपत्र तयार करणार असू, तर लेखकाने दाखवलेला विश्वास वाया गेला.

कादंबरीच्या बाबतीत हाच विचार वेगळ्या वाटेने करावा लागतो, कारण तिथे रंगमंच नसतो, निवेदकाचा आवाज असतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ सालची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावाहून पुण्याला शिकायला जातो, परीक्षा बुडवून घरी परततो. दरम्यान त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. निबंधांत त्याच्यावर ‘नैराश्य’ असा शिक्का बसतो, थोडं जास्त वाचलेल्यांच्या निबंधांत एरिक एरिकसनचा ‘मी कोण’ या स्व-ओळखीचा पेच येतो. दुसरा शब्द पहिल्यापेक्षा बरा, कारण एरिकसनने १९५० साली तरुण वयातल्या माणसाबद्दल जे मांडलं, त्यात समाजाने देऊ केलेल्या भूमिकांचाही विचार आहे, आणि पांडुरंगापुढे त्या भूमिका रांगेने उभ्या आहेत: हॉस्टेलचा पुढारी, बापाचा वारस, पदवीधर. पण दोन्ही शब्दांना त्याचा आवाज पकडता येत नाही. वाक्याला येणारी तिरकी गती, गंभीर गोष्ट सांगता सांगता मध्येच येणारं ‘वगैरे’, पानंच्या पानं चालणारी थट्टा, आणि मनीच्या मृत्यूपाशी हे सगळं एकाएकी बदलणं. पांडुरंगाचं मन पाहायचं तर ते या बदलात पाहावं. तो दुःखी आहे हे कोणीही सांगेल. थट्टा कोणत्या पानावर थांबते आणि नंतर कोणत्या रूपात परत येते, हे ज्याने बोट ठेवून दाखवलं, त्याने पात्राच्या मनाबद्दल काही सांगितलं.

‘शांतता!’ रंगमंचावर आलं त्याच साली इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही आलं. त्या मानववंशशास्त्रज्ञ. महाभारतातल्या कुंतीबद्दल, गांधारीबद्दल, कर्णाबद्दल त्यांनी लिहिलं ते नातेसंबंधांच्या, कुळाच्या, घरातल्या स्थानाच्या अंगाने. विकाराचं नाव त्यांना कुठे लागलं नाही, तरी त्या माणसांची मनं वाचकाला दिसली. पात्रावर निबंध लिहिणाऱ्याने ते पुस्तक उशाशी ठेवावं.

विद्यार्थी विचारतात, मग लिहायला नेमकं कुठून बसायचं? मी सांगतो, न उलगडणाऱ्या एका कृतीपासून. ‘ती कशी आहे’ यापेक्षा ‘तिने हे आत्ता का केलं’ हा प्रश्न धरा. बेणारे सामंतला ओळख करून देताना एवढी धारदार का होते? खटल्याला सुरुवातीला ती हसत का तयार होते? दाराची कडी बाहेरून लागते आणि तिला जाता येत नाही, हे नाटककाराने पहिल्या प्रवेशातच बोट चेमटवून का सुचवलं असावं? कृती धरली, की आधी संहितेतली तिची जागा लिहायची, मग तिच्यासाठी दोन वेगळी स्पष्टीकरणं उभी करायची, त्यांतलं एक तरी माणसाच्या बाहेरचं, परिस्थितीतलं असावं. सिद्धान्त त्यानंतर. आणि सिद्धान्त आणला, की तो कुठे पुरा पडत नाही तेही त्याच परिच्छेदात. एवढं केलं तर निबंधाची लांबी आपोआप भरते. समारोपाला ओढूनताणून वाक्यं शोधावी लागत नाहीत.

एक न उलगडणारी कृती मी स्वतः अजून पुरती सोडवू शकलेलो नाही, आणि ती वाचकांपुढे ठेवतो. सॉलोमन ॲश याने १९५१ साली एक प्रयोग मांडला. खोलीतल्या सगळ्यांनी ठरवून रेषेची लांबी चुकीची सांगितली, की एकटा पडलेला माणूसही पुष्कळदा डोळ्यांना दिसतंय ते सोडून त्यांच्या होत हो मिसळतो. पण खोलीत एक जरी साथीदार खरं सांगणारा निघाला, तर हा दबाव कितीतरी उतरतो. बेणारेच्या कोर्टात असा साथीदार होण्यासारखा माणूस एकच आहे: सामंत. तो बाहेरचा आहे, मंडळीतल्या कोणाचं देणं लागत नाही, बेणारेबद्दल त्याच्या मनात आदर आहे. खटला सुरू झाला तोही त्याला कोर्ट समजावं म्हणून. आणि तिला पहिला खरा घाव बसतो तो त्याच्याच साक्षीने. त्याला काय सांगायचं ते सुचत नाही, म्हणून हातातल्या कादंबरीतला एक प्रसंग तो बेणारे आणि दामले यांच्यावर बसवून सांगतो. तो प्रसंग तिच्या खऱ्या आयुष्याशी जुळतो. आपण हे पुस्तकातून घेतलं, ते खरं नाही, असं तो नंतर कळवळून सांगतो. तोवर उशीर झालेला असतो.

सामंतच्या मनात कोणताही राग नाही, मत्सर नाही, अपयशाची सल नाही. विस्थापन आणि प्रक्षेपण या दोन्ही शब्दांना त्याच्यापाशी काम नाही. ॲशच्या प्रयोगातल्या दबलेल्या माणसासारखं त्याने दिसतं ते नाकारलेलंही नाही. त्याला काही दिसलंच नव्हतं, त्याने फक्त खेळ नीट खेळला. निरागस माणसाच्या हातून, एका काल्पनिक गोष्टीच्या आधारे, खऱ्या बाईचा पाडाव होतो, याचं मानसशास्त्र कोणत्या पुस्तकात शोधायचं? माझा अंदाज असा, की उत्तर सामंतच्या मनापेक्षा ती गोष्ट ऐकणाऱ्या सहा जणांच्या उत्सुकतेत आहे, आणि ‘पुढे काय झालं?’ म्हणून ते त्याला ज्या ज्या जागी थांबवतात, डिवचतात, पुढे ढकलतात, त्या संवादांत आहे. दुसऱ्या अंकाचा शेवट उघडून ते प्रश्न एकापाठोपाठ एक लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे तो विचारणाऱ्याचं नाव घालावं.